दुचाकीला सारा देश एक, मग भाषेलाच नाका का?

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ४६ चा आशय मोठा उदार आहे. एखाद्या राज्यात रीतसर नोंदलेले वाहन देशात अन्यत्र पुन्हा नोंदविण्याची गरज नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र भारतभर ग्राह्य धरले जाते. कलम १३ चालकाच्या परवान्यालाही तोच मान देते. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात ठेवले, तरच कलम ४७ आडवे येते. म्हणजे बेळगावच्या खडेबाजारात उभी असलेली ‘केए २२’ क्रमांकाची दुचाकी शिनोळीच्या हद्दीत शिरली म्हणून परकी होत नाही, आणि गडहिंग्लजची ‘एमएच ०९’ संकेश्वरात आली म्हणून तिला कोणी पाहुणी समजत नाही. यंत्राला कायद्याने दिलेली ही प्रतिष्ठा त्या यंत्रावर बसलेल्या माणसाच्या भाषेला मात्र त्याच रस्त्यावर मिळत नाही. या विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

हल्ली आपल्या तरुणांत एक दिवसाच्या दुचाकी सहलींची आवड वाढली आहे. ती आम्हांस स्वागतार्ह वाटते. गोवा आणि आंबोली यांपलीकडे त्यांनी एकदा सीमेचीच सहल करावी. पावसाळा ओसरला, भात पोटरीला आले, की खडेबाजारातून निघून वेंगुर्ला रस्त्याला लागावे. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची अशी गावे मागे पडतात आणि शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो. तेथून आतल्या वाटांनी ताम्रपर्णीच्या काठचे कोवाड गाठावे. रणजित देसाईंचे हे गाव मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. पुढे नेसरी, मग हिरण्यकेशीच्या काठी गडहिंग्लज, तेथून संकेश्वर, संकेश्वरहून राष्ट्रीय महामार्गाने निपाणी, आणि निपाणीला लागूनच अर्जुननगर. तेथून परतून त्याच महामार्गाने संध्याकाळी बेळगाव. तांबडी माती, काजूच्या बागा, डोंगरउतारावरची भातखाचरे आणि मग हळूहळू उसाचा व तंबाखूचा काळा मुलूख असा निसर्गाचा सारा पालट एका दिवसात दृष्टीस पडतो.

या एका फेरीत राज्याची सीमा चार वेळा ओलांडली जाते. ती ओलांडल्याचे आपणांस कशावरून कळते? मातीवरून नाही, पिकावरून नाही, घरांच्या कौलांवरून नाही आणि बोलण्यावरून तर मुळीच नाही. घाटाच्या कडेला जावे तशी चंदगडी बोली कोकणीकडे झुकते. पूर्वेला यावे तसे ‘करालोय’, ‘जेवालोय’ ऐकू येते. या पट्ट्यात अनेक ठिकाणी स्त्रियाही ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. आणि अण्णा, अक्का, आप्पा या हाका तर मराठी व कन्नड दोन्ही घरांत सारख्याच ऐकू येतात. हे बदल मैलामैलाने, सावकाश होतात; सीमेच्या दगडापाशी एकही होत नाही. तेथे एकाएकी बदलतो तो फक्त सरकारी फलक.

ही रेषा आली कोठून, हेही रस्त्यावरच समजून घेण्यासारखे आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात घातला, तो चंदगड तालुका वगळून. हे वगळणे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. जिल्हा हा अखंड घटक आहे, तो फोडता येत नाही, असे कायदेमंडळाने त्याच वेळी मानले असते, तर चंदगडही वेगळा निघाला नसता. एक तालुका भाषेच्या आधारे बाजूला काढता येतो, तर खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही सूत्रे धरून उरलेल्या मराठी गावांचा विचार का करता येऊ नये? महाराष्ट्राने २००४ साली घटनेच्या अनुच्छेद १३१ अन्वये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला, ८६५ गावांचा दावा अखेर याच प्रश्नाभोवती फिरतो. तो न्यायप्रविष्ट आहे. त्याविषयी येथे अधिक लिहिणे उचित नाही.

तथापि दावा प्रलंबित असताना काय करावे, याविषयी आमच्यात दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, निकाल लागेपर्यंत थांबा. दुसरा म्हणतो, आता रस्ते मोकळे आहेत, नातीगोती दोन्हीकडे आहेत, दूरदर्शन व मोबाईल घरोघरी आहेत. रेषा कोठेही असली म्हणून भाषेचे काय बिघडते? हा दुसरा सूर वरकरणी समंजस वाटतो, म्हणूनच तो अधिक घातक आहे. त्याचे उत्तर आम्ही दूरच्या एका सीमेवरून देऊ इच्छितो.

नेदरलँड्स आणि जर्मनी यांच्या सीमेवरील ग्रामीण प्रदेश दुचाकीस्वारांचा आवडता आहे. सपाट हिरवी कुरणे, कालवे, झाडांच्या रांगांतून जाणारे अरुंद रस्ते. आणि तपासणी नाका नसल्याने स्वार दिवसभरात किती वेळा देश बदलतो याची गणती राहत नाही. डिंक्सपर्लो हे डच गाव आणि झूडरविक हे जर्मन गाव यांची घरे तर एकाच रस्त्याच्या दोन अंगांस उभी आहेत. त्या मुलखातील शेतकरी शतकानुशतके दोन्हीकडे जवळजवळ एकच सॅक्सन बोली बोलत आले. जर्मनीतील बेंटहाइम परगण्यात तर एकोणिसाव्या शतकापर्यंत चर्चमध्ये आणि शाळेत डच भाषा चालत असे.

मग झाले काय? शाळा बदलल्या. एका बाजूच्या मुलांना प्रमाण डच शिकविली गेली, दुसऱ्या बाजूच्या मुलांना प्रमाण जर्मन. बेंटहाइमच्या शाळेतून व चर्चमधून डच गेली. आजीची बोली नातवाला परकी होत गेली आणि रस्ता ओलांडून शेजाऱ्याशी बोलताना अनेकदा शाळेत शिकलेल्या परभाषेचाच आधार घ्यावा लागू लागला. पुढे युरोपातील प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांच्या सनदेखाली दोन्ही देशांनी या बोलीला मान्यता दिली. पण ही सनद अमलात आली १९९८ साली. तोवर बरेच काही हातचे गेले होते. बोध स्पष्ट आहे. नकाशावरची रेषा भाषा तोडीत नाही. ती रेषा शाळेच्या वर्गातून ओढली गेली, म्हणजे भाषा तुटते. रस्ता खुला राहूनही तुटते.

त्याच सीमेचा आणखी एक दाखला, धीर सुटलेल्यांसाठी. एल्टन आणि झेल्फकांट हे जर्मन भाग १९४९ साली नेदरलँड्सच्या प्रशासनाखाली गेले आणि करारान्वये १ ऑगस्ट १९६३ रोजी जर्मनीला परत मिळाले. त्या रात्री व्यापाऱ्यांनी लोणी व इतर मालाने भरलेल्या गाड्या एल्टनमध्ये आधीच आणून उभ्या केल्या होत्या. मध्यरात्री सीमाच सरकली आणि माल जकातीविना जर्मनीत पोहोचला! दोन सार्वभौम राष्ट्रांना शांततेने जे साधले, ते एकाच संघराज्यातील दोन राज्यांना संसदेच्या अनुच्छेद ३ खालील अधिकारातून अशक्य आहे, असे आम्ही मानीत नाही. पण सीमा सरकेल त्या दिवशी अलीकडे मराठी वाचणारे मूलच उरले नसेल, तर ती सरकून काय उपयोग?

म्हणून निकालाची वाट न पाहता मागावयाच्या गोष्टी आहेत आणि त्यांना कायद्याचा आधार आहे. अनुच्छेद ३५० अ प्रत्येक राज्याला व स्थानिक प्राधिकरणाला भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांसाठी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचे कर्तव्य सांगतो. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा विद्यार्थी असतील तर मातृभाषेचा शिक्षक द्यावा, हे सूत्र १९४९ पासूनचे आहे. जेथे अल्पसंख्य भाषिक पंधरा टक्के वा अधिक असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, हे १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत मान्य झालेले धोरण आहे. फलकांचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये असावा, असे कर्नाटकाची २०२४ ची दुरुस्ती सांगते; उरलेल्या भागात मराठी लिहिण्यास ती मनाई करीत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावरील उर्दू मजकूर कायम ठेवला. तो निकाल महाराष्ट्राच्या कायद्याच्या अर्थावर आहे, हे खरे. परंतु राजभाषेच्या जोडीला लोकांची भाषा लिहिल्याने राजभाषेचा अवमान होत नाही, हे त्यामागील तत्त्व सीमेच्या दोन्ही बाजूंस लागू आहे.

दोन्ही बाजूंस, असे आम्ही जाणूनबुजून म्हणतो. गडहिंग्लजच्या पूर्वेकडील गावांत कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत. जत, अक्कलकोटकडे कन्नड शाळा आहेत. त्यांचा हक्क तोच आहे. जो न्याय आपण बेळगावात मागतो, तो महाराष्ट्रात नाकारण्याचा विचारही आपल्या दाव्यास शोभणारा नाही. आमचे भांडण भाषेशी कधीच नव्हते. ते सक्तीशी आहे.

या फेरीत अर्जुननगरला थांबणे चुकवू नये. निपाणीकरांचे देवचंद महाविद्यालय येथे आहे. निपाणी कर्नाटकात, महाविद्यालय कागल तालुक्यात, आणि संलग्नता कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी. निपाणीची मुले शिकण्यासाठी वर्षानुवर्षे राज्याची सीमा ओलांडत आली आणि त्याने कोणत्याही राज्याचे काही बिघडले नाही. जे महाविद्यालयाच्या बाबतीत सहज घडू शकते, ते प्राथमिक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या कागदाच्या बाबतीत घडविणे अवघड का असावे?

तरुण मित्रांना आमचे सांगणे एवढेच. हेल्मेट घालून, कागदपत्रे जवळ ठेवून ही सहल अवश्य करा. आणि जाताना एक वही सोबत न्या. प्रत्येक गावी मराठी शाळा आहे का, पहिलीत मुले किती, शिक्षक किती, पंचायतीच्या सूचना कोणत्या भाषेत लागतात, हे तारीखवार लिहून ठेवा. फलकांची छायाचित्रे काढा, परंतु फलकांना हात लावू नका. घोषणा हवेत विरतात. तारीख व गावाचे नाव असलेली नोंद अर्जाला जोडता येते, आयोगापुढे ठेवता येते आणि प्रसंगी न्यायालयातही मांडता येते. अशी एक वही प्रत्येक मोसमात भरली, तर पाच वर्षांत सीमाभागातील मराठी शाळांची जी माहिती हाती येईल, ती नाकारणे कोणत्याही सरकारला सोपे जाणार नाही.