घरचं गॅरेज : काटा वर, हीटर गार

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरताना गाडी फारशी कुरकुरत नाही. परत येताना केरी मागे पडून चढण सुरू झाली, की तिचं खरं दुखणं बाहेर येतं. गणपती करून येताना माझ्या पुतण्याचं तसंच झालं. गाडीत बायको, दीड वर्षाची मुलगी आणि आमच्या वहिनी. तापमानाचा काटा निम्म्याच्या वर सरकायला लागला. त्याने एसी बंद केला आणि हीटर पूर्ण गरमवर टाकून पंखा मोठा केला. युक्ती बरोबर होती, कारण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटरच. तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. पण त्यातून गार हवा आली. गाडी कडेला घेऊन, रेंज सापडल्यावर त्याने फोन केला. "काका, काटा वर आणि हीटर गार, हे कसं काय?"

मी विचारलं, "कूलंट कधी बदललंस?" तर म्हणाला, तीनच दिवसांपूर्वी.

तिथेच उत्तर मिळालं. शेतातल्या पंपाने हवा धरली की मोटर फिरते, पण पाणी येत नाही, तोच प्रकार. कूलंट भरताना आत हवा अडकली, तर ती उंचावरच्या जागी, बहुतेक वेळा हीटरच्या नळ्यांत किंवा इंजिनाच्या हेडमध्ये जाऊन बसते. त्या जागी कूलंट पोहोचत नाही. सेन्सरच हवेत आला तर काटा खाली दिसतो आणि हेड मात्र आत भाजत असतं. म्हणून निव्वळ काट्यावर विसंबू नका. हीटर गार, डॅशबोर्डमागे खळखळ, काटा उगाच वर-खाली, यातलं काही दिसलं तर थांबा. हेड वाकलं किंवा गॅस्केट गेली, तर खर्च कूलंटच्या डब्याच्या कित्येक पट असतो.

त्याला मी एकच गोष्ट दोनदा सांगितली : झाकणाला हात लावू नकोस. आतलं कूलंट दाबाखाली असतं, त्यामुळे 100 अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तासाभराहून जास्त थांबून, इंजिन गार झाल्यावर त्याने पिण्याचं पाणी घातलं. नड म्हणून चालतं. मग थांबत थांबत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, आम्ही हवा काढली. आमच्या दारातला उतार कामाला आला. गाडीचं नाक वर येईल अशी लावली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. हवा वर चढते, म्हणून भरण्याचं तोंड सगळ्यात उंच हवं. जागा मोकळी हवी. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवला. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो. बुडबुडे थांबून सलग धार आली की तो बंद करायचा. तो प्लास्टिकचा असेल तर जोर लावू नका. काहींना रेडिएटरवर झाकणच नसतं, टाकीतूनच भरावं लागतं. आपल्या गाडीचं काय, ते पुस्तिकेत बघा.

झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू केलं आणि कूलंट सावकाश घालत राहिलो. सुरुवातीला काही घडत नाही, आणि इथेच लोक कंटाळतात. थर्मोस्टॅट साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडतो; तोवर रेडिएटरकडची वाट बंदच असते. तो उघडला की वरचा होज पाइप गरम होतो, टाकीतली पातळी गपकन खाली जाते आणि बुडबुडे येतात. आमचं जवळजवळ अर्धा लिटर आत गेलं! हीटरमधून कढत हवा आली, बुडबुडे थांबले, तेव्हा झाकण लावलं. मग रेडिएटरचा पंखा दोनदा आपोआप लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, बोटं लांब ठेवा. बुडबुडे थांबतच नसतील, तर मात्र गॅस्केट गेल्याची शंका घ्यायची आणि मेकॅनिक गाठायचा.

सांडलेलं कूलंट लगेच पुसून धुऊन टाकलं. ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात, आणि ते विषारी असतं. आमच्याकडे तर रांगून नुकतीच चालायला लागलेली नात होती.

दुसऱ्या सकाळी पातळी दोन बोटं उतरली होती. तेवढं मिश्रण घातलं. घाटात साधं पाणी घातल्याने कूलंट पातळ झालं होतं, म्हणून पुढे ते सगळं बदलून परत अशीच हवा काढली. रविवारी पुतण्या हीटर चालू ठेवून जांबोटीपर्यंत जाऊन आला. घामाने शर्ट भिजला होता, पण काटा निम्म्याच्या खालीच होता.