फरीद झकेरिया : पडद्यामागची तालीम

दहावीचा निकाल लागला की लेण्याद्री-जुन्नर भागातले आई-बाप आम्हा शिक्षकांना विचारतात, पोराला पुढे कुठे घालायचं? डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी, आयटीआय. ‘पत्रकार’ हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. टीव्हीवरच्या डिबेटमध्ये आपल्या समाजाबद्दल काय काय बोललं जातं, ही तक्रार मात्र घरोघरी आहे. तक्रार रास्त आहे. पण त्या खुर्चीपर्यंत आपली मुलं का पोचत नाहीत?

अमेरिकेच्या सीएनएन वाहिनीवर २००८ पासून जगाच्या राजकारणावर साप्ताहिक कार्यक्रम करणारे फरीद झकेरिया आपल्याच मातीतले. जन्म १९६४चा, मुंबईतल्या कोकणी मुस्लिम घरातला. वालिद डॉ. रफिक झकेरिया मूळचे नालासोपाऱ्याचे. त्याच प्राचीन सोपारा बंदरातला माल एके काळी नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. रफिकसाहेब औरंगाबादमधून आमदार झाले, राज्यात मंत्री झाले आणि तिथे मौलाना आझाद कॉलेज उभं केलं. अम्मी फातमा झकेरिया स्वतः पत्रकार, ‘संडे टाइम्स ऑफ इंडिया’च्या संपादक. म्हणजे घरात राजकारण, किताबं आणि वर्तमानपत्र, तिन्ही रोजचंच.

आता कारकीर्द पाहा. येल विद्यापीठात पदवी, हार्वर्डमधून पीएच.डी. वयाच्या २८व्या वर्षी ‘फॉरेन अफेअर्स’ या नियतकालिकाचे व्यवस्थापकीय संपादक. २००० पासून ‘न्यूजवीक इंटरनॅशनल’चे संपादक. सीएनएनवरचा स्वतःचा कार्यक्रम आला त्याआधी सोळा वर्षं वाचण्यात, लिहिण्यात आणि दुसऱ्यांचं लिखाण तपासण्यात गेली होती. आमची मुलं मोबाइलसमोर माइक धरून सुरुवात करतात. इथे माइक शेवटी आला.

त्यांचं सगळंच डोक्यावर घ्यावं असं नाही. २००३च्या इराक युद्धाला त्यांनी सुरुवातीला पाठिंबा दिला होता. २०१२ मध्ये दुसऱ्याचा मजकूर उचलल्याबद्दल काही दिवस निलंबन झालं, माफी मागावी लागली. पण २०१० मध्ये न्यूयॉर्कमधल्या इस्लामी केंद्राला एका मोठ्या ज्यू संघटनेने विरोध केला, तेव्हा तिने दिलेला पुरस्कार आणि दहा हजार डॉलर त्यांनी परत केले. आपला माणूस म्हणून कौतुक करताना या सगळ्या गोष्टी मुलांना सांगायला हव्यात.

कुणी म्हणेल, मंत्र्याचा मुलगा, मुंबईतल्या नामवंत कॅथेड्रल शाळेत शिकलेला. आमच्या पोरांशी काय तुलना? बरोबर आहे. ती शाळा आणि ते पैसे आपल्याकडे नाहीत. पण उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणारं मूल एकच बातमी दोन बाजूंनी समजून घेऊ शकतं, आणि ही ताकद पुष्कळ न्यूजरूममध्ये सापडत नाही. त्यात इंग्रजीची जोड द्यायची ती आपणच, शाळेने आणि घराने मिळून.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं आहे : घरात एक वर्तमानपत्र सुरू करा, मुलांकडून रोज एक बातमी पाच ओळींत लिहून घ्या. ज्याला गोडी लागेल त्याला, आणि तिलाही, पदवीनंतर पत्रकारिता शिकू द्या. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट जुन्नरहून एसटीच्या अंतरावर आहे.