संमती हवी, माहिती नको!

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका विद्वान गृहस्थांनी सध्या मोहीम उघडली आहे. आपली मोहीम लशीविरुद्ध नाही, असं ते प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला सांगतात आणि उरलेलं सगळं भाषण लशीविरुद्ध करतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस 9 ते 14 वर्षांच्या मुलींना द्यायची की नाही, हा आईबापाचा घरगुती प्रश्न आहे. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी शाळेत येऊन, पालकसभेत उभं राहून तिचा ‘प्रचार’ करायचं कारण नाही. सरकारी नोकराने सुई टोचावी, तोंड उघडू नये. शिवाय लस परदेशी आहे, तिने मुली बिघडतील, तिचे प्रयोग गरिबांच्या मुलींवर झालेले आहेत. यवतमाळात पोलिओऐवजी सॅनिटायझर पाजणारं आणि शेगावात लोकांचे केस का गळले ते सांगता न आलेलं खातं आता आमच्या लेकींना शहाणपण शिकवणार का? सबब, या मंडळींना शाळेच्या फाटकाबाहेर ठेवावं.

टाळ्या पडतात. वाक्यं चांगली आहेत, पडणारच.

बारीकसारीक आधी उरकतो. लस परदेशी म्हणे. याच कर्करोगावरची सर्व्हाव्हॅक ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. जुलै 2022 मध्ये तिला परवानगी मिळाली, जानेवारी 2023 मध्ये ती आली. हडपसर परदेशात गेल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. वाढत्या वयाच्या पोरांना लस देणं हे नवं खूळ म्हणे. धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी 10 व्या आणि 16 व्या वर्षी द्यायची, हे सरकारी वेळापत्रकातच आहे. शाळेतच देतात, आणि त्यावर कुणाचा मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. मुली बिघडतील म्हणे. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून लस त्याच्या पुष्कळ आधी द्यावी लागते, एवढा साधा हिशेब आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. त्या लग्नांच्या पंगतीत बुंदी वाढून घेताना ज्यांना मुलीचं वय आठवलं नाही, त्यांना ते नेमकं सुई पाहून आठवतं!

यवतमाळचं खरं आहे. 31 जानेवारी 2021 रोजी कापसी-कोपरी इथे 12 बाळांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. संतापजनकच प्रकार होता. पण त्यावरचा उपाय बाटली वाचून पाजणं हा होता. पोलिओचे फलक उतरवा, असं तेव्हा या गृहस्थांनीही म्हटलं नव्हतं. आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवडकडे लोकांचे केस हातात येऊ लागले तेव्हा लोक चिडले ते खातं फार बोललं म्हणून का? कधी पाण्यावर, कधी बुरशीवर, मग रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर बोट, आणि धड काही समजावून सांगणारं कुणी नाही, याचा तो राग होता. म्हणजे दाखला त्यांनी दिला आणि तो लागू पडतो आमच्या बाजूला.

आता ‘प्रयोगा’कडे येऊ. हा त्यांचा हुकमी एक्का आहे, आणि इथे मला घाई करायची नाही.

2009 मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे सात मुली दगावल्याची बातमी आली, गदारोळ झाला आणि एप्रिल 2010 मध्ये सरकारने काम थांबवलं. इथवरची गोष्ट आमचे गृहस्थ सांगतात आणि पाण्याचा घोट घेतात. पुढची आपण सांगू. चौकशी झाली. त्या सातांत एक मुलगी पाण्यात बुडाली होती, एकीला साप चावला होता, कीटकनाशक पोटात गेलेल्याही होत्या. मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. म्हणून प्रकल्प स्वच्छ होता का? मुळीच नाही. खम्ममच्या वसतिगृहांतल्या आदिवासी मुलींच्या अर्जांवर आईबापांऐवजी वॉर्डनने, मुख्याध्यापकांनी सह्या ठोकल्या होत्या. लस झाल्यावर कुणाला काय होतं, याची नोंद ठेवायची व्यवस्था लंगडी होती. 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते ओढायलाच हवे होते.

पण मग खम्ममचा गुन्हा नेमका कोणता? आईला कुणी विचारलं नाही, बापाला कुणी सांगितलं नाही. सुई टोचली, तोंड उघडलं नाही! आमच्या गृहस्थांना डॉक्टरांकडून हवं आहे ते अगदी हेच. खम्ममच्या नावाने गळा काढायचा आणि खम्ममचीच पद्धत बुलढाण्यात आणायची, याला कोणता तर्क म्हणतात ते त्यांनीच सांगावं.

गंमत पुढेच आहे. त्याच सुमारास देशात एक वेगळा अभ्यास चालू होता. दोन डोस बरे की तीन, हे पाहायला दहा ते अठरा वर्षांच्या मुली त्यात घेतल्या होत्या. बार्शी, पुणे, मुंबई ही आपली ठिकाणंही त्यात होती. 2010 च्या बंदीने तोही अडकला, आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळून गाडी तिथेच थांबली. संशोधकांनी त्या मुलींचा माग सोडला नाही. दहा वर्षांनी, 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले: विषाणूच्या 16 आणि 18 या दोन मुख्य घातक प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एक डोसही 95 टक्क्यांच्या आसपास परिणामकारक. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसालाही मान्यता दिली, त्यामागे हा पुरावा होता. म्हणजे ज्या गदारोळाने लस थांबवली, त्यानेच ती निम्म्या खर्चात आणून ठेवली. विरोधकांचे इतके उपकार क्वचितच कुणावर झाले असतील.

एवढं सांगितलं की गृहस्थ म्हणतात, दहा वर्षं पुरेशी नाहीत, आणखी आकडे आणा. हेच गृहस्थ अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भेंडवळच्या घटमांडणीच्या भाकिताकडे कान लावून बसतात आणि सुपारी हलली की नाही यावरून देशाचं राजकारण सांगतात. भेंडवळशी माझं भांडण नाही. आमच्या घरीही ते भाकीत चवीने ऐकलं जातं. पण तिथे कुणी दहा वर्षांची आकडेवारी मागितल्याचं मला आठवत नाही.

या गृहस्थांशी माझा वाद जुना आहे. जानेवारी 2022 मध्ये 15 ते 18 वर्षांच्या मुलांना शाळेच्या आवारात कोव्हॅक्सिन देणं सुरू झालं तेव्हाही ते असेच तापले होते. धडधाकट मुलांना कोविडचा धोका कमी, हा त्यांचा मुद्दा तेव्हा विचार करण्यासारखा होता. तो सोडून ते लस टोचली की अंगाला चुंबक चिकटतं, असल्या गोष्टी सांगत बसले. मग 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: कुणावर लशीची सक्ती करता येणार नाही. तो कागद ते आजही खिशात ठेवतात, पण घडी अर्धीच उघडतात. त्याच निकालात मुलांच्या लसीकरणाचा निर्णय जागतिक वैज्ञानिक मताला धरून असल्याचं म्हटलं आहे, आणि चाचण्यांची माहिती लोकांपुढे ठेवा असंही. सक्ती नको हे आम्हालाही मान्य. पण समजावून सांगणं म्हणजे सक्ती, हे कोणत्या कोर्टाने म्हटलं?

‘डॉक्टरने फक्त गप्प बसावं, लस बंद कुठे केली?’ असा साळसूद प्रश्न येतो. जपानने हेच करून पाहिलं. जून 2013 मध्ये तिथल्या सरकारने लस बंद केली नाही. शिफारस करणं तेवढं थांबवलं. सत्तर टक्क्यांच्या आसपासचं लसीकरण एका टक्क्याच्याही खाली घसरलं. शिफारस परत सुरू व्हायला एप्रिल 2022 उजाडला. अमेरिकेतल्या टेनेसीने जुलै 2021 मध्ये लसीकरणाच्या प्रमुख डॉक्टरलाच घरी पाठवलं. पौगंडावस्थेतल्या मुलांच्या लशीबद्दल कायदा काय सांगतो, याचं पत्र तिने दवाखान्यांना लिहिलं, एवढ्यावरून ठिणगी पडली होती.

मेहकर तालुक्यातल्या एका पालकसभेला मी बसलो होतो. गृहस्थ ज्याला प्रचार म्हणतात तो असा होता: एका बाईने पदर सावरत विचारलं, ‘मॅडम, हिला पाळी सुरू झाली, आता चालते का?’ आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, चालते. मागून एक बाप उठला, ‘एकच पोरगी आहे, काही झालं तर?’ मॅडमनी सांगितलं, दंड दुखेल, ताप येईल, एखादीला भोवळ येते म्हणून अर्धा तास इथेच बसवून ठेवायचं. आधीच्या कुठल्या लशीची जोरदार ॲलर्जी आली असेल तर आधी सांगा. आशाताई दाराशी वही घेऊन उभ्या. बापाने अर्जाची घडी केली आणि ‘घरी विचारतो’ म्हणून निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही.

लशीला पैसे पडतात तिथे हे गृहस्थ दिसत नाहीत, हीही नोंद करून ठेवतो. पुण्या-नागपुरात सर्व्हाव्हॅकच्या डोसाला दोन हजारांच्या घरात मोजून, आयात लशीला त्याच्या कित्येक पट मोजून सुखवस्तूंच्या मुली कधीच्या मोकळ्या झाल्या. नीती, संस्कृती आणि संशय हे सगळं फुकटच्या लशीलाच चिकटतं.

आता आमचं म्हणणं काय? फार मोठं नाही. देशात वर्षाला या कर्करोगाचे सव्वा लाखांहून जास्त नवे रुग्ण निघतात आणि 80 हजारांच्या आसपास बायका मरतात, असा 2022 चा अंदाज आहे. जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आहेत. 9 ते 16 वर्षांच्या मुलींसाठी लस पाच-सहा महिन्यांत येईल, असं त्यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये छत्रपती संभाजीनगरात सांगितलं होतं. असल्या घोषणा तारखेवर उतरोत न उतरोत, गावात प्रश्न विचारले जातात ते डॉक्टरांना. त्यांना बोलू द्या. अर्ज मराठीत असावा आणि चार दिवस आधी घरी जावा. सही आईची किंवा बापाची, मुख्याध्यापकांची चालणार नाही. एखादीला काही झालं तर चौकशीत काय निघालं ते ग्रामसभेत वाचून दाखवा, चूक खात्याची असली तरी.

आणि मुलीबरोबर आलेल्या आईला रिकाम्या हाती परत पाठवू नका. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने, ती झालेल्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. ती तपासणी तिशी ओलांडलेल्या बायकांसाठी आहे, म्हणजे त्याच पालकसभेत सतरंजीवर बसलेल्यांसाठी. गृहस्थांनी यासाठी जिल्हा परिषदेवर मोर्चा काढला, तर मी घोषणा लिहून देतो.