स्वस्त वीज दिवसा, मग आमचं बारं रात्री का?

नामपूर आणि मोसम खोऱ्यातल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

गेल्या महिन्यात रात्री कांद्याला बारं द्यायला गेलेल्या आपल्या शिवारातल्या पोराला साप चावला. पोरगं वाचलं. चार दिवसांनी मोबाइलवर नवं वेळापत्रक आलं. आपल्या फीडरला पुन्हा रात्रपाळीच!

ही रात्रपाळी आली कुठून? कोळशाचे संच रोज रात्री बंद करून सकाळी चालू करता येत नाहीत. शहरं झोपली की वीज उरायची, ती खपवायला शेतीपंप रात्रीवर ढकलले. आज तो हिशेब उलटला आहे. आता वीज उरते ती भर दुपारी, आणि तीच सगळ्यात स्वस्त. २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात सौर वीज युनिटला १ रुपया ९९ पैशांवर आली. शेजारच्या साक्री तालुक्यात, शिवाजीनगरला, २०१३ पासून १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे; इकडे ऊन कमी पडतं असं कोणी सांगू नये. २०२३ मध्ये केंद्राने नियम केला: उन्हाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, आधी कारखान्यांना. बाकी ग्राहकांनाही १ एप्रिल २०२५ ही मुदत दिली. वगळलं फक्त शेतकऱ्याला.

"फुकट वीज घेता, वर दिवसा मागता?" हे ऐकलं की डोकं फिरतं. साडेसात एचपीपर्यंतचं बिल २०२४ पासून सरकार भरतं. वीज कंपनीचे पैसे बुडत नाहीत. बिल माफ केलं म्हणून आमच्या लेकरांना साप-बिबट्यापुढे उभं करायचा हक्क कोणी दिला?

"ऑटोस्विच लावा आणि झोपा." हे सांगणाऱ्याने आयुष्यात एक वाफा भरलेला नाही. मोटार आपोआप चालू होईल. वाफा भरल्यावर बारं कोण मोडणार? त्याला बॅटरी तोंडात धरून, गुडघाभर चिखलात फावडं मारणारा माणूस लागतो. आणि वीज येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपी जळते, ती वेगळीच.

"मग सौर पंप घ्या." ती योजना वीजजोडणी नसलेल्यांसाठी आहे. आमच्या विहिरीवर तार आहे. तिच्यातून दुपारी वीज सोडा.

सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ ला पुन्हा नव्याने आली. दोन्ही वेळा दिवसा वीज देण्याचा शब्द दिला. गावाजवळ प्रकल्प होईल तेव्हा होवो. लांबची सौर वीजही याच तारांतून येते.

मागणी एकच: नामपूरच्या प्रत्येक शेती फीडरला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ थ्री फेज. बाजाराच्या दिवशी मार्केट यार्डाच्या गेटवर या. मोबाइलमधलं वेळापत्रक सोबत आणा.