ठिपक्यांची चौकट

पडद्यावरचा छोटा मारिओ धावत धावत एका खोल खळग्याच्या काठाशी येतो. खळग्यावर, हवेतच, ठिपक्यांनी आखलेल्या काही रिकाम्या चौकटी दिसतात. त्यांवर उडी घ्यावी, तर पाय आरपार जातो आणि मारिओ खाली कोसळतो. खेळणारा मुलगा क्षणभर थबकतो. आधार द्यायचाच नव्हता, तर या चौकटी येथे आखल्या कशासाठी? हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला, की खेळाचा खरा आरंभ झाला असे समजावे.

ठोकळ्यांवरून व फळ्यांवरून उड्या मारीत पुढे जाण्याच्या अशा खेळांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. वरील चौकटी ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ या खेळातील आहेत. जपानमधील निन्टेन्डो या कंपनीने तो 1990 साली प्रसिद्ध केला. या खेळाच्या विस्तीर्ण नकाशावर पिवळा, हिरवा, तांबडा आणि निळा असे कळींचे चार महाल आहेत. पिवळा महाल आरंभीच्याच प्रदेशात सापडतो. उरलेल्या तिघांकडे जाणाऱ्या वाटा मात्र गुप्त द्वारांतून निघतात. महालाच्या अखेरीस एक भली मोठी कळ असते. मारिओने उडी मारून ती दाबली, की त्या रंगाच्या साऱ्या ठिपक्यांच्या चौकटी भरीव ठोकळे होतात. त्या एका जागी नव्हे, तर खेळात जेथे जेथे त्या आखल्या असतील तेथे तेथे, आणि तेही कायमचे. काल जेथे पाय आरपार जात होता, तेथे आज भक्कम आधार मिळतो.

वाटेत अडथळा आला, की माणूस सहसा आपल्या पायांना दोष देतो. उडी तोकडी पडली, वेग कमी पडला, असे त्याला वाटते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु कधी कधी दोष पायांचा नसून मांडणीचा असतो, आणि मांडणी पालटण्याची कळ दूर कोठेतरी, आडवाटेवर असते. तेथवर जाण्याची सक्ती नाही. चारही महाल टाळूनही हा खेळ पुरा करता येतो. तरीही जो शोध घेतो, त्याची पुढची वाट सुकर होते.

कित्येक वडीलधाऱ्यांना वाटते, की अशा खेळांनी मुलांना आयती युक्ती शोधण्याची सवय लागेल. कळ दाबली की संकट टळते, असा त्यांचा समज होईल. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु ही कळ मारिओच्या वतीने उडी मारीत नाही. ती केवळ आधार निर्माण करते; धावणे आणि नेमक्या क्षणी झेप घेणे खेळणाऱ्याकडेच राहते. पुलाने नदी ओलांडता येते, पण चालावे तर लागतेच!

शिवाय सगळ्याच कळा इतक्या उदार नसतात. 1988 सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स 3’ या खेळात ‘पी’ हे इंग्रजी अक्षर असलेली एक कळ आहे. ती दाबली, की विटांचे ठोकळे नाणी होतात आणि नाणी ठोकळे होतात. पण हा पालट काही क्षणांपुरताच टिकतो. आता समजा, खळग्यावर नाण्यांची ओळ लटकली आहे. लोभी खेळाडू ती सारी नाणी आधीच गोळा करून बसतो आणि मग कळ दाबतो. नाणीच उरली नाहीत, तर ठोकळे कशाचे होणार? ज्याने हात आवरला, त्याला त्याच नाण्यांचा पूल मिळतो. संयमाचा याहून सोपा पाठ क्वचितच सापडेल.

2019 साली आलेल्या ‘सुपर मारिओ मेकर 2’ या खेळात तर टप्पे रचण्याचे काम खेळणाऱ्याच्याच हाती दिले आहे. त्यातील एका कळीवर आघात केला, की तांबडे ठोकळे विरून त्यांच्या जागी ठिपके उरतात आणि निळे ठोकळे भरीव होतात. पुन्हा आघात केला, की उलट घडते. येथे लाभाबरोबर हानीही येते. समोरची भिंत नाहीशी होते, पण पायांखालची भूमीही जाऊ शकते. म्हणून कळीला हात लावण्यापूर्वी दोन्ही रंगांकडे पाहणे प्राप्त होते.

या साऱ्या रचनेत कळीचे कौतुक अधिक होते. वस्तुतः ठिपक्यांच्या चौकटीचे मोल मोठे आहे. कोणत्या रंगाची कळ काय घडवील, हे ती आधीच सुचवून ठेवते. ज्या खेळात अशी कोणतीही खूण नसते, कळ दाबली असता दूर कोठेतरी एखादे दार उघडते आणि खेळणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, तो खेळ विचार शिकवीत नाही. दिसेल ते दाबीत सुटण्याची सवय मात्र लावतो. असा खेळ कितीही सुंदर रंगविलेला असो, त्याला उत्तम म्हणता येणार नाही.

ही सवय खेळापुरती राहत नाही, हेच महत्त्वाचे आहे. आजच्या मुलाच्या भोवती कळांचाच पसारा आहे. हातातल्या फोनवर एक बोट टेकले, की निरोप जातो, चित्र शेकडो लोकांपर्यंत पोचते, पैसेही खर्च होतात. परिणाम दूर घडतो आणि दाबणाऱ्याला तो दिसतही नाही. दुर्दैवाने तेथे ठिपक्यांची चौकट आखलेली नसते. ती ज्याची त्याने मनातल्या मनात आखावी लागते: हे दाबले तर कोठे काय भरीव होईल, आणि कोणाच्या पायांखालचे काय निघून जाईल?

म्हणून मुलांनी असे खेळ थोडा वेळच खेळावेत, मैदानाचा वेळ मैदानाला द्यावा. परंतु खेळतील तेव्हा डोळे उघडे ठेवून खेळावेत. कळ दाबणे कोणालाही जमते. दाबण्यापूर्वी क्षणभर थांबून चौकटीकडे पाहणे ज्याला जमले, त्याचा खेळात गेलेला वेळ वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.