ब्लॉकेज निघालं, गुठळी राहिली

दोन महिन्यांपूर्वी मामाला हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, पाचव्या दिवशी घरी. 'सुटलो बुवा' म्हणून आम्ही सगळे मोकळे झालो.

गेल्या शनिवारी सांगलीला गेलो तेव्हा मामीने फाईल पुढे केली. "काय लिहिलंय रे इथे?" डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती: हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात, टोकाशी गुठळी.

हृदयाच्या समोरच्या भिंतीला मोठा अटॅक आला की टोकाकडचा स्नायू नीट हलत नाही. तिथे रक्त रेंगाळतं आणि गोठतं, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच. स्टेंटने धमनी मोकळी होते, पण कप्प्यातल्या या गुठळीशी त्याचा काही संबंध नाही. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू.

यासाठी मामाला असिट्रॉम दिली होती. त्याने ती महिन्याभरात बंद करून टाकली! "रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेतच, तिसरी कशाला?"

खरं सांगू, प्रश्न अगदी रास्त आहे. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना आवरतात, ते मुख्यतः स्टेंटसाठी. असिट्रॉम व्हिटॅमिन केवर चालणारी गोठण्याची साखळी मंदावते, ती गुठळीसाठी. तिन्ही एकत्र म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तर आयएनआर तपासून 2 ते 3 मध्ये ठेवायचा. साधारण 3 महिन्यांनी परत इको करून गोळी थांबवायची की नाही ते डॉक्टर ठरवतात. (आयएनआरची कटकट नसलेल्या नव्या गोळ्याही आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2022 मध्ये त्यांना रास्त पर्याय म्हटलंय.)

हे मामाला कुणीच समजावलं नव्हतं. बिलात कापसाच्या बोळ्याचाही हिशोब असतो आणि ही एक ओळ मराठीत लिहून द्यायला वेळ नसतो, हे मला अजिबात पटत नाही. 'ही गोळी स्वतःहून बंद करू नका, केल्यास लकवा होऊ शकतो', बस्स, एवढंच लिहायचं होतं.

आणि आपण तरी काय? मेडिक्लेमसाठी त्या कार्डाच्या चार झेरॉक्स मीच काढल्या होत्या. वाचली एकही नाही.

असो. सोमवारी इको झाला. गुठळी अजून आहे. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केलीय, आणि आयएनआरच्या तारखा मामीने कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवल्यात.