खिडकीच्या आधी भिंत

परिसर आणि मन यांच्या नात्याचा विषय निघाला की आम्हां मराठी लिहिणाऱ्यांना हटकून डोंगर, नदी आणि अंगणातला प्राजक्त आठवतो. त्यात गैर काही नाही. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदी अभ्यासून दाखविले होते, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत ते रुग्ण, विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. मात्र त्यांच्या डोक्यावरचे छत टिकेल आणि रात्री झोप मिळेल, हे तिथे गृहीतच होते.

भिवंडीच्या नारपोलीत नेमके तेच गृहीत धरता येत नाही.

इथे मागाचा गाळा आणि राहती खोली यांत एका भिंतीचे अंतर. धोट्याच्या माऱ्याने गाळ्यात नव्वद डेसिबलच्या वर आवाज सहज जातो; कायद्याने निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ आहे. कामगार एकमेकांशी खुणांनी बोलतात. पाळी बारा तासांची. एक जण उठतो तेव्हा त्याच अंथरुणावर दुसरा पाठ टेकतो.

मग खटखट थांबली की बरे वाटत असेल? मार्च २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली. पण मजुरी विणलेल्या मीटरवर मिळते, त्यामुळे माग मुका झाला की चूल मुकी होते. शांतता म्हणजे स्वास्थ्य, हे आमचे लाडके समीकरण तिथेच मोडले. ज्या आवाजाने झोप उडते तोच न आला तरी झोप उडावी, याला काय म्हणावे?

त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी ही तीन मजली इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. तिशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर जुन्या इमारतीत राहणाऱ्याला भिंतीवरची चीर ही निव्वळ चीर कशी वाटावी? पावसाळ्यात तो तिच्याकडे पाहत पडून राहत असेल, तर ती भीती मनाचा आजार नव्हे, शहाणपण आहे. त्यावर समुपदेशन सुचविणे आम्हांस थोडे उद्धटपणाचे वाटते. तिथे आधी हवा स्थापत्य अभियंता, आणि घर रिकामे केले तर जायला दुसरी जागा.

झाडांना आमचा विरोध नाही. जवळच कामतघरचा वऱ्हाळा तलाव आहे, आणि पाण्याकडे पाहिल्याने मन निवते हे आम्हीही मानतो. प्रश्न इतकाच, की बारा तासांची पाळी करून उतरलेल्या माणसाच्या पायांत तिथवर जाण्याचे त्राण कितीसे उरते.